नागपूर विद्यापीठातील मानव्यविद्यांचे संशोधन आणि बुलढाणा जिल्हा

स्थापना आणि कार्यक्षेत्र

नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सहा महाविद्यालये आणि ९१७ विद्यार्थी एवढ्या बळावर काम सुरू झाले. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. त्याआधी नागपूरची महाविद्यालये प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. त्यामुळे वऱ्हाडातल्या मुलाने कोणते मराठी पुस्तक अभ्यासावे आणि कोणता इतिहास वाचावा हे दूरच्या हिंदी-बंगाली मुलखात ठरत असे. नव्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मध्यप्रांत आणि वऱ्हाड असे होते. वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाचा बुलढाणा जिल्हा पहिल्या दिवसापासून त्यात होता आणि १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे होईपर्यंत, म्हणजे साठ वर्षे, त्यात राहिला.

बुलढाणा जिल्ह्याविषयी विद्यापीठापूर्वीही लिहिले गेले होते. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले, १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले गेले आणि १९०५ मध्ये खामगाव व जळगाव (जामोद) हे तालुके या जिल्ह्यात आले. प्रशासनाला मुलखाची माहिती हवी होती. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने आले. ए. ई. नेल्सन यांनी संपादित केलेले बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर १९१० मध्ये छापले गेले. लोणारचे सरोवर, सिंदखेडचे वाडे, १७२४ ची साखरखेर्ड्याची लढाई, गावोगावचे बाजार असे सगळे त्यात होते. पण ही पुस्तके इंग्रजीत होती आणि साहेबाच्या टेबलासाठी होती. माहिती जिल्ह्यातून गेली, जिल्ह्यात परतली नाही. विद्यापीठाच्या स्थापनेनंतर ही परतीची वाट हळूहळू तयार झाली. ती सर्वांत ठळकपणे दिसते ती महानुभाव वाङ्मयाच्या संशोधनात.

पोथ्यांचा शोध

तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी स्थापन केलेल्या महानुभाव पंथाने मराठीला पहिला मोठा गद्यग्रंथ दिला. म्हाइंभटांनी सिद्ध केलेले लीळाचरित्र हा तो ग्रंथ. चक्रधर उत्तरेकडे निघून गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून आठवणी ऐकल्या, त्या लिहून घेतल्या आणि ज्यांच्यासमोर प्रसंग घडले त्या माणसांना गाठून पडताळल्या. दोन माणसांच्या आठवणींत फरक पडला तर तोही नोंदवला. लीळाचरित्रातल्या भ्रमंतीत लोणार आणि मेहकर ही आजच्या बुलढाणा जिल्ह्यातली गावे येतात. सातशे वर्षांपूर्वीच्या या गावांत माणसे कशी बोलत, काय खात, कोणत्या देवळात उतरत, याची नोंद राजाच्या ताम्रपटात सापडत नाही. ती या लीळांमध्ये, म्हणजे चक्रधरांच्या आठवणींतल्या प्रसंगांमध्ये, सापडते.

ही संपत्ती शतकानुशतके पंथाबाहेर ठाऊक नव्हती. मूळ पोथी धाडीत नष्ट झाल्यावर शिष्यांनी स्मरणातून पुन्हा लेखन केले आणि त्यातून वेगवेगळे पाठ तयार झाले. पुढे ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. रवळोव्यासांची सकळ लिपी ही त्यांतली सर्वांत परिचित. मठात पोथी होती, रोज तिची पूजा होत होती, पण परक्याला ती वाचता येत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला. पाठोपाठ काही महंतांनीही विश्वासाने आपल्याकडच्या पोथ्या अभ्यासकांना दाखवल्या.

विदर्भात या कामाला प्रथम हात घातला तो विद्यापीठाबाहेरच्या मंडळींनी. यवतमाळचे डॉ. य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम या संस्थेत हस्तलिखिते जमवली आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. नागपूरचे ह. ना. नेने यांनी १९३०च्या दशकात लीळाचरित्र भागाभागाने छापायला घेतले. त्यामुळे विद्यापीठाच्या मराठी विभागापुढे अभ्यासासाठी सामग्री तयार होती. तिला शिस्त लावण्याचे आणि ती अभ्यासक्रमात आणण्याचे काम पुढच्या पिढीने केले. त्या पिढीचे अग्रणी बुलढाणा जिल्ह्यातले होते.

नरवेलचे वि. भि. कोलते

विष्णु भिकाजी कोलते यांचा जन्म २२ जून १९०८ रोजी मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे झाला. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते नागपूरला गेले आणि पुढे अमरावती व नागपूर येथे मराठीचे अध्यापन केले. १९३५ मध्ये भास्करभट्ट बोरीकरांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. ‘शिशुपालवध’ आणि ‘उद्धवगीता’ लिहिणारा हा महानुभाव कवी मराठी वाचकाला नव्याने भेटला तो या ग्रंथामुळे. त्यानंतर ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ (१९४५), ‘महानुभावांचा आचारधर्म’ (१९४८) आणि ‘श्रीचक्रधर चरित्र’ (१९५२) हे ग्रंथ आले. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’, ‘स्थानपोथी’ अशी संपादने त्यांच्या जोडीला होती. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेले संपूर्ण लीळाचरित्र हे या साऱ्या कामाचे शिखर.

१९६६ ते १९७२ या काळात कोलते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ मध्ये भोपाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले आणि १९९१ मध्ये पद्मश्री. ‘अजुनी चालतोचि वाट’ हे त्यांचे आत्मचरित्र. ८ एप्रिल १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. मलकापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा कुलगुरूच्या खुर्चीपर्यंत गेला, ही गोष्ट त्या काळात जिल्ह्याला अभिमानाची होती. विद्यापीठाच्या इतिहासात मात्र त्यांच्या पदांपेक्षा त्यांच्या कामाची पद्धत जास्त मोलाची ठरते.

पोथीचे पुस्तक होताना

एकाच ग्रंथाच्या अनेक हस्तलिखित प्रती मिळवून त्या शब्दाशब्दाने ताडून पाहणे ही या पद्धतीची पहिली पायरी. लेखनिकाच्या हातून झालेली चूक कोणती, मुळातच असलेला वेगळा पाठ कोणता आणि नंतर कोणी घातलेली भर कोणती, हे संपादकाला ठरवावे लागते. दुसरी पायरी म्हणजे निवडलेला पाठ वर छापून उरलेले पाठभेद तळटीपांत देणे, म्हणजे वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता येतो. तिसऱ्या पायरीवर जुन्या शब्दांचे कोश, व्यक्तींच्या आणि स्थळांच्या सूची येतात. सामान्य वाचकाच्या दृष्टीने हीच पायरी सर्वांत उपयोगाची असते. यादवकालीन मराठीतला शब्द त्याला अडला तर कोशात पाहता येतो, आणि आपल्या गावाचे नाव ग्रंथात कुठे आले आहे ते सूचीत सापडते.

‘स्थानपोथी’ हे याचे उत्तम उदाहरण. चक्रधर जिथे जिथे राहिले त्या स्थानांचे वर्णन करणारा हा जुना ग्रंथ आहे. देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कोणत्या बाजूला, आसन कुठे, आरोगणा (भोजन) कुठे, अशा नोंदी त्यात ओळीने येतात. पंथाच्या अनुयायांना ही नमस्काराची स्थाने शोधण्यासाठी हवी असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांच्यातून तेराव्या शतकातल्या गावाचा नकाशा मिळतो. आज पडक्या अवस्थेत असलेल्या देवळाचे मूळ रूप कळायलाही त्या उपयोगी पडतात. भक्त, अभ्यासक आणि गावकरी अशा तिघांच्या कामी येणारे पुस्तक विद्यापीठीय संशोधनातून क्वचितच निघते. हे निघाले, कारण संपादकाने मूळ ग्रंथाचा उपयोग कोण करतो याचे भान सोडले नाही.

हे काम वादाशिवाय झाले नाही. लीळाचरित्राच्या संपादनातल्या काही लीळांना पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले. संशोधकाच्या दृष्टीने पाठ हा पुरावा असतो, तर भक्ताला तो देवाचा शब्द वाटतो. ज्या समाजाने पोथी जपली त्याचा तिच्यावर अधिकार किती आणि ज्याने ती वाचून छापली त्याचा किती, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. मानव्यविद्यांचे संशोधन लोकांपर्यंत नेताना तो आजही टळत नाही. पोथ्या उघडल्या गेल्या त्या महंतांच्या विश्वासामुळे, एवढे मात्र सर्व बाजूंना मान्य आहे.

मराठी माध्यमाचा निर्णय

स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने मराठी आणि हिंदी ही शिक्षणाची माध्यमे म्हणून स्वीकारली. इतर अनेक विद्यापीठे इंग्रजीला धरून होती, तेव्हा घेतलेला हा निर्णय होता. विज्ञानशाखेत त्याबद्दल पुष्कळ कुरकुर झाली, पण मानव्यविद्यांच्या बाबतीत त्याचा परिणाम दूरवर गेला. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान या विषयांची पाठ्यपुस्तके मराठीत तयार व्हावी लागली. पाठ्यपुस्तके लिहिणारे प्राध्यापक संशोधनही मराठीत लिहू लागले. कोलत्यांचे सर्व महत्त्वाचे ग्रंथ मराठीत आहेत. संस्कृतचे विख्यात पंडित वा. वि. मिराशी यांनी ताम्रपटांवरचे काम इंग्रजीत केले, पण १९५७ मध्ये ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा ग्रंथ मराठीतही दिला. १९३९ मध्ये वाशीमला सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ओळख पटली होती. वाशीम हे बुलढाण्याचे शेजारी, आणि याच वाकाटकांच्या काळात अजिंठ्याची प्रसिद्ध लेणी कोरली गेली. ही लेणी जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपासून फार दूर नाहीत. मेहकरच्या शिक्षकाला आपल्या भागाचा पंधराशे वर्षांपूर्वीचा इतिहास स्वतःच्या भाषेत वाचता आला तो अशा ग्रंथांमुळे.

खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा, मेहकर येथे स्वातंत्र्याच्या सुमारास आणि त्यानंतर महाविद्यालये निघाली. तोपर्यंत जिल्ह्यातल्या मुलाला पदवीसाठी जिल्ह्याबाहेर जावे लागे. तालुक्याच्या गावी महाविद्यालय आले, त्याबरोबर मराठीचा आणि इतिहासाचा प्राध्यापक आला, ग्रंथालय आले. संशोधन गावापर्यंत पोचायला एवढीच रचना लागते. गावात जयंतीला व्याख्यान द्यायला जाणारा, शिलालेखाचा ठसा घेऊन नागपूरला पाठवणारा आणि विद्यार्थ्याला आजीच्या ओव्या उतरवून आणायला सांगणारा माणूस म्हणजे हाच प्राध्यापक. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेने विद्यार्थ्यांची शिबिरे खेड्यात नेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन आणि संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे कर्तव्य मानले. मानव्यविद्यांच्या विभागांत हे कर्तव्य त्याआधीच, कोणतेही नाव नसताना, पार पडत होते.

माती आणि दगड

पुरातत्त्वाच्या बाबतीत जिल्ह्याच्या वाट्याला उशीर आला. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाची नाव मिळवणारी उत्खनने, उदाहरणार्थ टाकळघाट-खापा आणि पवनी, पूर्व विदर्भात झाली. बुलढाणा जिल्ह्यात मोठे उत्खनन झाले ते एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि ते पुण्याच्या डेक्कन कॉलेज या अभिमत विद्यापीठाने केले. संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी असलेल्या भोन या गावी विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि भाजलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी सापडल्या. दोन हजार वर्षांपूर्वी पूर्णेच्या खोऱ्यात भरभराटीचे गाव होते आणि तिथे बौद्ध धर्म रुजलेला होता, हे त्यामुळे सिद्ध झाले. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. त्यामुळे उत्खननाचा अहवाल हा अभ्यासकांपुरता विषय राहिला नाही. स्तूप वाचवण्याची मागणी करणाऱ्यांच्या हातात तो पुरावा म्हणून आला.

सिंदखेडराजाचे उदाहरण वेगळे. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस मानला जातो आणि दरवर्षी त्या दिवशी त्यांचे वडील लखुजी जाधव यांच्या या गावी अफाट गर्दी लोटते. इतिहास लोकांपर्यंत नेण्याची गरज येथे नाही, लोकच इतिहासाकडे चालत येतात. मात्र आलेल्या माणसाला राजवाड्याखेरीज रंगमहाल, नीळकंठेश्वर मंदिर, मोती तलाव, चांदणी तलाव आणि जाधवांच्या समाध्या यांची नीट माहिती मिळणे हे काम अभ्यासकांचे आहे. २०२४ मध्ये लखुजी जाधवांच्या समाधीच्या परिसरात संवर्धनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला शेषशायी विष्णूची मोठी शिल्पाकृती मिळाली. सतराव्या शतकाच्या आधीही या गावाचा इतिहास आहे, हे त्यातून पुन्हा दिसले. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणाराजा हे परंपरेने संत चोखामेळ्यांचे जन्मगाव. तेथेही श्रद्धा आणि संशोधन शेजारी शेजारी उभे आहेत.

एका पुस्तकाचा पुनर्जन्म

संशोधनाचा समाजाला काय उपयोग, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर बुलढाण्याच्याच एका पुस्तकाने दिले. ते नागपूर विद्यापीठातून आले नाही, पण जिल्ह्याच्या कोणत्याही इतिहासात ते टाळता येत नाही. बुलढाण्यातील सरकारी कचेरीतले हेडक्लार्क आणि सत्यशोधक विचारांचे बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध पुण्यात छापून प्रसिद्ध केला. १८८१ मध्ये सुरतेच्या एका तरुण विधवेवर बालहत्येचा खटला चालला आणि वर्तमानपत्रांतून स्त्रियांवर आग पाखडली गेली. ते या निबंधाचे निमित्त होते. प्रती पाचशे निघाल्या. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र पुस्तक आणि लेखिका दोन्ही विस्मरणात गेली.

मुंबईतील मराठीचे प्राध्यापक स. गं. मालशे यांना या पुस्तकाची प्रत मिळाली आणि १९७५ मध्ये त्यांनी ते प्रस्तावनेसह पुन्हा प्रसिद्ध केले. ते आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. स्त्रीमुक्तीची चळवळ महाराष्ट्रात जोर धरत होती आणि तिला आपली पूर्वज नेमकी त्या वेळी सापडली. १९९४ मध्ये रोझालिंड ओहॅनलन यांनी इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि बुलढाण्याचे नाव जगभरच्या विद्यापीठांत गेले. १९९७ मध्ये विलास खोले यांची नवी संपादित आवृत्ती आली. जुन्या कपाटातली एक प्रत शोधणे, ती छापणे, तिला चार पानांची ओळख जोडणे, एवढ्यानेच एका लेखिकेला तिचे स्थान आणि एका चळवळीला तिचा वारसा मिळाला. खर्चाच्या मानाने एवढा लाभ देणारे दुसरे संशोधन दाखवणे अवघड आहे.

अमरावती विद्यापीठाकडे

१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि बुलढाणा, अकोला, अमरावती व यवतमाळ हे जिल्हे त्याच्याकडे गेले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाल्यावर जिल्हे पाच झाले. पुढे या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे आणि २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळाले. दोघेही विदर्भाचे, दोघांनीही लोकशिक्षण केले ते कीर्तन-भजनांतून. शाळा-कॉलेजात न गेलेल्या माणसाला समजेल असे बोलावे, हा त्यांच्या नावांतून मिळणारा धडा दोन्ही विद्यापीठांना लागू आहे.

या विद्यापीठांत जिल्ह्याच्या लोकगीतांवर, वऱ्हाडी बोलीवर, देवस्थानांवर, ग्रामीण कवितेवर प्रबंध लिहिले जाऊ लागले. पण कोलत्यांच्या पिढीत संशोधन म्हणजे छापील ग्रंथ असे. पुढे ते पदवीसाठीचा प्रबंध झाले, आणि प्रबंधाच्या मोजक्या टंकलिखित प्रती ग्रंथालयाच्या कपाटात बंद राहिल्या. ज्या आजीने ओव्या सांगितल्या तिच्या नातवालाही तो प्रबंध दिसत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांत प्रबंधाची संगणकीय प्रत बंधनकारक केली आणि ‘शोधगंगा’ हे सर्वांसाठी खुले भांडार उभे राहिले, तेव्हापासून ही कपाटे उघडू लागली. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांच्या बोली-सर्वेक्षणात महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले आणि ते लोकांना ऐकण्यासाठी खुले केले गेले. ग्रिअर्सनच्या काळी बोलीचे नमुने कागदावर उतरून इंग्रजी ग्रंथात गेले होते. आता बोलणाऱ्याचा आवाज त्याला स्वतःला परत ऐकता येतो.

आढावा

या साऱ्या वाटचालीत जे संशोधन जिल्ह्यातल्या लोकांपर्यंत पोचले त्याच्यात तीन गोष्टी समान दिसतात. ते मराठीत लिहिलेले होते. ते छापले गेले आणि तालुक्याच्या ग्रंथालयात मिळत होते. आणि त्यात गावांची, स्थळांची, शब्दांची सूची होती, म्हणून वाचकाला स्वतःचे गाव त्यात सापडत होते. यांतली एक गोष्ट जरी कमी पडली तरी संशोधन विद्वानांपुरते उरले. जे मराठीत लिहिले पण छापले गेले नाही ते कपाटात राहिले, आणि जे छापले पण इंग्रजीत होते ते जिल्ह्याबाहेर गाजले.

१९८३ नंतर नागपूर विद्यापीठाचा बुलढाण्याशी प्रशासकीय संबंध संपला. महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाचे केंद्र आता पुन्हा वऱ्हाडात आले आहे. ज्या रिद्धपुरात लीळाचरित्राची जडणघडण झाली, त्या अमरावती जिल्ह्यातील गावी २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.